पोर्टाचं नाव कोणी ठेवायचं?

बदनापूर हे जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यामधले तालुक्याचे गाव. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचे रेल्वे स्टेशन आणि तुरीच्या वाणांमुळे मराठवाडाभर माहीत असलेले कृषी संशोधन केंद्र ही त्याची ओळख. अशा गावात घरोघरी इंटरनेट पोचवणारा माणूस बहुधा जुना केबलवालाच असतो. आधी त्याने गच्चीवर डिश लावून वाहिन्या दिल्या, मग खांबाखांबांवरून फायबर ओढली. त्याच्या खोलीत एक रॅक असतो, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या असतात, सगळ्या फायबर जिथे येऊन मिळतात ते ओएलटी असते आणि पुण्या-मुंबईच्या बाजारातून जुना घेतलेला एखादा सर्व्हर असतो. त्या सर्व्हरवर लिनक्स चालते.

या खोल्यांमधली एक अडचण मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात काहीच तुटलेले नसते. सर्व्हरवर नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टाकला जातो. मशीन पुन्हा सुरू होते. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण गावाचे नेट बंद. फायबर शाबूत, कार्डही शाबूत. बदललेले असते ते फक्त पोर्टाचे नाव. त्यावर काय करावे याबद्दल दोन मते आहेत आणि दोन्ही अनुभवातून आलेली आहेत. मी ती एका मामाच्या आणि त्याच्या भाच्याच्या तोंडी घातली आहेत. मामा केबलच्या काळापासून या धंद्यात, भाचा इंजिनिअरिंग करून परत आलेला. सर्व्हर इंटेलच्या एक्स७१० जातीचे दोन पोर्टांचे कार्ड असलेला, त्यावर डेबियनच्या पायावर उभी असलेली प्रॉक्समॉक्स ही प्रणाली.

मामा : केबल बदलली, स्विच बंद-चालू केला. कार्डावरचा दिवा हिरवा आहे. सर्व्हर स्वतःच्या पत्त्याला पिंग देतो, पण बाहेर काहीच जात नाही. रात्री अपडेट टाकून रिबूट मारला, बाकी कशालाच हात लावला नाही.

भाचा : मग तारेकडे बघूच नका, मामा. मॉनिटर आणि कीबोर्ड जोडा आणि इंटरफेसची यादी काढा.

मामा : काढली. काल हे ईएनपी१एस०एफ० होतं. आज त्याला शेपूट लागलंय. ईएनपी१एस०एफ०एनपी०.

भाचा : आणि नेटवर्कच्या फाईलमध्ये ब्रिजला, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या आभासी स्विचला, कोणतं नाव जोडलंय?

मामा : जुनं. तेच असणार ना, मीच लिहिलं होतं.

भाचा : म्हणून ब्रिज उभा राहिला, पण त्याच्या खाली पोर्टच नाही. सर्व्हर स्वतःशी बोलतो, तुम्हाला वाटतं तो जिवंत आहे. आता कर्नलच्या नोंदी काढा आणि त्यात 'रिनेम्ड फ्रॉम' शोधा.

मामा : सापडलं. आधी ड्रायव्हरचं नाव, आय४०ई. मग पीसीआयचा पत्ता, मग हे शेपटीवालं नाव, आणि पुढं 'रिनेम्ड फ्रॉम ईथ०'. म्हणजे हे आधी ईथ०च होतं की!

भाचा : कर्नल आजही ईथ०च म्हणतो. त्याला कार्डं ज्या क्रमानं सापडतील त्या क्रमानं तो ईथ०, ईथ१ अशी नावं लावतो. मग यूडेव्ह हा प्रोग्रॅम येतो, कार्डाची माहिती वाचतो आणि नाव बदलतो. आता रिबूट करा आणि ग्रबच्या, म्हणजे बूट होताना दिसणाऱ्या, यादीतून जुना कर्नल निवडा. जुनं नाव परत आलं तर दोष कशाचा आहे ते पक्कं झालं.

मामा : आलं. नाव पण आलं अन् नेट पण आलं. आता गावाला चालू राहू दे, आपण बसून बोलू.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. जुलैत पीकविम्याच्या अर्जांसाठी सेवा केंद्रापुढे शेतकऱ्यांची रांग असते, रेशन दुकानातल्या मशीनला नेट लागते, मुलांचे प्रवेशाचे अर्ज अडलेले असतात. अशा वेळी लाईन बंद ठेवून शोध घेत बसणे म्हणजे आपल्या कुतूहलाची किंमत दुसऱ्यांना भरायला लावणे. जुना कर्नल ग्रबच्या यादीत राहू द्यायचा तो याचसाठी. लोकांचे काम आधी सुरू करायचे, मग कारण शोधायचे.

मामा : आता सांग, हे शेपूट आलं कुठून?

भाचा : नाव वाचू या. 'ईएन' म्हणजे ईथरनेट. 'पी१' म्हणजे पीसीआयची एक नंबरची बस, 'एस०' त्या बसवरचा स्लॉट, 'एफ०' कार्डाचं पहिलं फंक्शन. शेवटी जो 'एन' आहे, त्याच्यापुढं ड्रायव्हरनं सांगितलेलं पोर्टाचं नाव येतं, इथं 'पी०'. नियम जुनाच आहे : ड्रायव्हर पोर्टाचं नाव सांगत असेल तर ते शेवटी जोडायचं. आय४०ई आजवर ते सांगत नव्हता. नव्या कर्नलमधला सांगतो.

मामा : म्हणजे नियम बदलला नाही.

भाचा : नियम तोच, त्याला मिळणारी माहिती वाढली.

ही अडचण एकट्या मामाची नाही. प्रॉक्समॉक्सची ८.२ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये ६.८ कर्नल घेऊन आली, तेव्हा तिच्या माहितीपत्रकातच इशारा होता की नव्या कर्नलने नेटवर्क कार्डांची नावे बदलू शकतात, आणि आय४०ई ड्रायव्हरवर चालणाऱ्या कार्डांना पोर्टाचा प्रत्यय लागतो. इशारा होता, पण इंग्रजीत आणि लांबलचक यादीत. तालुक्याच्या गावात रात्री एकट्याने अपडेट टाकणाऱ्या माणसापर्यंत तो पोचत नाही. ही माहिती मराठीत, सोप्या शब्दांत लिहिली जायला हवी असे मला मनापासून वाटते.

मामा : पण ही लांबलचक नावं टिकावीत म्हणूनच आणली होती ना? ईथ० काय वाईट होतं? छोटं, फोनवर सांगता येणारं. रात्री पोराला फोन करून 'ईथ० खाली-वर कर' म्हटलं की त्याला कळायचं. आता ईएनपी१एस०एफ०एनपी० फोनवर कसं सांगायचं? 'एस' म्हटलं की तो 'एफ' ऐकतो.

भाचा : ईथ० टिकत होतं का, मामा? तुम्हीच सांगा.

मामा : एका कार्डाच्या मशीनवर टिकत होतं. दोन कार्डं, दोन वेगळ्या कंपन्यांची असली की नाही. ते मी भोगलंय. एक कार्ड बाहेरच्या लाईनला, एक गावाकडं. रिबूटनंतर अदलाबदल. फायरवॉलचे बाहेरचे नियम गावाला लागले आणि बाहेरच्याला आतला दरवाजा सताड उघडा. नेट बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, निदान कळलं असतं.

भाचा : हेच कारण. ड्रायव्हर एकाच वेळी चढायला लागले, मग कोण आधी सापडेल याची खात्री राहिली नाही. मधे एक उपाय निघाला होता : यूडेव्हनं प्रत्येक कार्डाचा मॅक पत्ता एका फाईलमध्ये लिहून ठेवायचा आणि त्याच्यापुढं ईथ०, ईथ१ पक्कं करायचं.

मामा : ती सत्तर नंबरची फाईल. तिचा त्रास वेगळाच. जुन्या मशीनची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की ईथ० गायब, ईथ२ हजर. ती फाईल पुसून पुन्हा रिबूट करायचं, हा रिवाजच पडला होता.

भाचा : शिवाय एका कार्डाला ईथ१वरून ईथ० करायचं तर तेवढ्यात कर्नल दुसऱ्या कार्डाला ईथ० देऊन मोकळा होतो. दोघांची धडक. म्हणून जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीची, म्हणजे यूडेव्ह जिचा भाग आहे त्या प्रणालीची, १९७वी आवृत्ती आली आणि जागेवरून नाव काढायची पद्धत सुरू झाली. डेलनं त्याआधीच याच कामासाठी बायॉसडेव्हनेम आणलं होतं, फेडोरानं २०११ मध्ये ते घेतलं. रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीत, २०१४ मध्ये, जागेवरची नावं आली आणि डेबियनच्या नवव्या आवृत्तीत, २०१७ मध्ये. तेव्हा ही कोणाची लहर नव्हती.

मामा : लहर होती असं मी म्हणतच नाही. मी म्हणतो, वचन मोडलं. लिनस टॉरवाल्ड्सचा तो कडक नियम तूच मला सांगितला होतास की कर्नलच्या बदलानं वरचा चालू प्रोग्रॅम मोडता कामा नये. मग हे काय झालं?

भाचा : कर्नल म्हणेल, मी फक्त एक खरी माहिती जास्तीची दिली. माझ्याकडून तर आजही ईथ०च जातंय.

मामा : आणि सिस्टमडी म्हणेल, माझा नियम जुनाच आहे.

भाचा : हो. आणि दोघंही खरं बोलतात.

मामा : मग दोघांनी आपापलं वचन पाळलं आणि गावाचं नेट गेलं. बाबा रे, ज्या माणसाला फोन येतात त्याच्यासाठी ही वाटणी काही कामाची नाही.

मामाच्या या वाक्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही, आणि असू नये असेही वाटते. मोठ्या प्रणाली अनेकांनी मिळून बांधलेल्या असतात. प्रत्येकजण आपल्या हद्दीपुरता काटेकोर असतो. दोन हद्दींच्या मधली जागा मात्र कोणाचीच नसते, आणि नुकसान तिथेच होते. कर्नल बनवणारे आणि नाव देणारा भाग बनवणारे, दोघेही उत्तम काम करणारे लोक आहेत. पण एक्स७१० कार्डावर काल कोणते नाव होते आणि आज कोणते असेल, हे सांगायची जबाबदारी कोणाच्याच यादीत नव्हती. ती शेवटी सर्व्हर चालवणाऱ्यावर येऊन पडते. हे न्याय्य आहे की नाही हा वेगळा प्रश्न. तसे आहे हे धरून चालावे लागते.

मामा : मी काय करणार ते सांगतो. कर्नलच्या बूटच्या ओळीत 'नेट डॉट इफनेम्स बरोबर शून्य' लिहितो. ईथ०, ईथ१ परत. विषय संपला. नाही तर जुना कर्नल पिन करून ठेवतो.

भाचा : जुना कर्नल पिन केला तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही तिथंच थांबल्या. तुमच्या मागं अख्खं गाव आहे, मामा. एक आठवडा ठीक, कायमचं नाही. आणि ईथ० म्हणाल, तर या सर्व्हरला मदरबोर्डवरही दोन पोर्ट आहेत, वेगळ्या ड्रायव्हरचे. एकूण चार. आज इंटेलचं कार्ड आधी सापडतंय, म्हणून नोंदीत त्याचं ईथ० दिसलं. उद्या बोर्डावरचे पोर्ट आधी सापडले तर?

मामा : एवढी वर्षं...

भाचा : एवढी वर्षं झालं नाही, हे तुमचं नशीब. आणि ते झालं तर नेट बंदच पडेल असं नाही. आतबाहेर उलटं होईल. तुम्ही आत्ताच सांगितलंत ते.

मामा : बरं. मग फाईलमध्ये नवं नाव लिहून टाकू. जुनं खोडा, नवं लिहा. दोन मिनिटांचं काम.

भाचा : ते केलं तरी तुमचे व्हीलॅन, म्हणजे एकाच पोर्टावर पाडलेले वेगवेगळे आभासी भाग, उभे राहणार नाहीत.

मामा : का?

भाचा : लिनक्समध्ये इंटरफेसचं नाव जास्तीत जास्त पंधरा अक्षरांचं असतं. तुमचं जुनं नाव आठ अक्षरांचं होतं. त्याला व्हीलॅनचा टिंब आणि नंबर, समजा टिंब १२३४, अशी पाच जोडली की तेरा. बसतं. नवं नाव अकरा अक्षरांचं. अकरा आणि पाच सोळा. एक अक्षर जास्त झालं, इंटरफेस तयारच होणार नाही. तीन आकडी नंबरांचे व्हीलॅन बरोबर पंधरात बसतील आणि चार आकडी पडतील. मग अर्ध्या गावाला नेट आणि अर्ध्याला नाही, आणि तुम्ही ओएलटी तपासत बसाल.

ही गोष्ट मुद्दाम सविस्तर लिहिली, कारण अशा अडचणींत फसगत इथेच होते. पहिले कारण सापडले की माणूस थांबतो. नाव बदलले होते, नवे लिहिले, बहुतेक ग्राहकांचे नेट आले. उरलेल्यांची तक्रार मग वेगळीच वाटते, कोणी स्प्लाइस उघडतो, कोणी घरातला राउटर बदलतो. पण मूळ एकच असते. व्हीलॅनच्या नोंदी ज्याच्या सर्व्हरवर आहेत त्याने अक्षरे मोजावीत, त्याला पेन्सिल आणि कागद पुरतो.

मामा : मग तुझं म्हणणं काय?

भाचा : कर्नल ठेवतो ते नाव नको आणि नियमातून निघतं तेही नको. नाव आपण ठेवायचं, कामावरून. बाहेरच्या लाईनचा पोर्ट 'ईएनवॅन०', गावाकडचा 'ईएनगाव०'. प्रॉक्समॉक्समध्ये सुरुवात 'ईएन' अक्षरांनी ठेवायची, म्हणजे तिला तो खरा पोर्ट म्हणून ओळखू येतो. ईथ० असं मात्र ठेवायचं नाही, कारण ते नाव कर्नल स्वतः वाटतो, पुन्हा धडक होईल. सिस्टमडीच्या नेटवर्क फोल्डरमध्ये प्रत्येक पोर्टासाठी एक छोटी लिंक फाईल टाकायची. वर 'मॅच', म्हणजे कोणता पोर्ट. खाली 'लिंक', म्हणजे त्याचं नाव काय.

मामा : आणि कोणता पोर्ट हे कशावरून ओळखायचं?

भाचा : दोन रस्ते आहेत. एक, मॅक पत्त्यावरून. दुसरा, पीसीआयच्या जागेवरून.

मामा : थांब. मॅक पत्ता कार्डावर कोरलेला. कार्ड या मशीनमधून त्या मशीनमध्ये नेलं तरी सोबत जातो. आणि पीसीआयची जागा म्हणजे कार्ड बदललं तरी जागा तीच. म्हणजे हे बियाणं आणि गट नंबर झालं. आपल्या केंद्राची बीडीएन ७११ तूर कुठंही पेरली तरी बीडीएन ७११च. बीडीएन म्हणजे बदनापूर, पण ती परभणीला पेरा नाही तर बीडला, नाव दाण्यासोबत जातं. गट नंबर मात्र जमिनीचा. त्यात यंदा तूर पेरली अन् पुढच्या साली सोयाबीन, तरी नंबर बदलत नाही.

भाचा : अगदी तसंच. मॅकवर नाव बांधलं तर ते दाण्याचं, जागेवर बांधलं तर ते गटाचं.

मामा : मग तुझं मॅकवालं माझ्या कामाचं नाही. आपल्याकडं वळवाचा पाऊस येतो, वीज पडते, कार्ड जळतं. रात्री मी जालन्याहून दुसरं कार्ड आणून त्याच स्लॉटमध्ये बसवतो. मॅक वेगळा. तुझी फाईल म्हणेल, हा तो नव्हे. नाव नाही, नेट नाही. आणि त्या वेळी तू इथं नसशील.

भाचा : बरोबर आहे. पण जागेवर बांधलं तर? मागं तुम्ही सर्व्हरमध्ये एनव्हीएमई डिस्क टाकायची म्हणत होता. ती टाकल्यावर पीसीआयच्या बसचे नंबर सरकू शकतात. आज एक नंबरला असलेलं कार्ड दोनला जाईल. पुन्हा तेच.

मामा : म्हणजे दोन्हीकडं खड्डा.

भाचा : खड्डा आहेच. कोणत्या बाजूचा पत्करायचा ते आपण ठरवायचं. तुमच्याकडं काय जास्त वेळा बदलतं, कार्ड की बाकीचं मशीन?

मामा : कार्ड. वीज कार्डालाच खाते. मशीन उघडून डिस्क मी वर्ष-वर्ष टाकत नाही.

भाचा : मग तुमच्यासाठी जागेवरून. ज्याच्याकडं कार्ड टिकतं आणि डिस्का, ग्राफिक्स कार्डं येत-जात असतात त्याच्यासाठी मॅकवरून.

मामा : आणि मॅकवाल्यासाठी अजून काही अडचण?

भाचा : एक आहे आणि ती लपलेली आहे. ब्रिज आणि व्हीलॅन खालच्या पोर्टाचाच मॅक घेतात. फाईलमध्ये फक्त मॅक लिहिला तर नियम त्यांनाही लागू होतो आणि एकाच नावासाठी ओढाताण होते. म्हणून मॅकसोबत 'टाइप ईथर' अशी ओळ घालायची, किंवा कार्डाचा कायमचा मॅक जुळवायचा.

मामा : फाईल टाकली, रिबूट केलं, आणि नाव बदललंच नाही, असं झालं तर?

भाचा : तर इनिटरामएफएस विसरलात. बूटच्या सुरुवातीला जी छोटी प्रणाली चढते तिच्यातही यूडेव्ह असतो आणि पोर्टाचं नाव तिथंच पडून जातं. म्हणून लिंक फाईल टाकल्यावर सगळ्या कर्नलांसाठी इनिटरामएफएस नव्यानं बांधायचा, मगच रिबूट. आणि त्याच वेळी नेटवर्कच्या फाईलमध्ये जुन्या नावाच्या जागी नवं नाव. ब्रिज, व्हीलॅन, फायरवॉल, ट्रॅफिक मोजणारी स्क्रिप्ट, सगळीकडं. एक जागा राहिली तरी तीच रात्री फोन करायला लावते.

मामा : नियमाची आवृत्ती गोठवायची म्हणून काही असतं म्हणे. तेच का नको?

भाचा : असतं. बूटच्या ओळीत नावाच्या नियमाची आवृत्ती पक्की करता येते. सिस्टमडी बदलल्यामुळं नाव बदललं असतं तर तिचा उपयोग झाला असता. इथं नियम बदललाच नाही. कर्नलकडून येणारी माहिती बदलली, आणि ती गोठवता येत नाही.

मामा : आता माझं ऐक. सेवा केंद्रात जी छोटी मशीनं लावलीत, त्यांना एकच पोर्ट आहे. ती मी ईथ०वरच ठेवणार. तिथं अदलाबदल व्हायला दुसरा कोणी नाही. तिथंही लिंक फाईल टाकत बसलो तर माझ्या पोरांना अजून एक गोष्ट शिकवावी लागेल, आणि जी गोष्ट वर्षातून एकदा लागते ती पोरं विसरतात.

भाचा : एका पोर्टाच्या मशीनला माझी हरकत नाही. फक्त कोणी त्याला यूएसबीचं दुसरं कार्ड लावलं की तुमचा हिशोब मोडला.

मामा : लावणार नाही. आणि एक गोष्ट तुमच्या शिक्षणात नाही, ती मी सांगतो. नेट गेल्यावर नेटवर उत्तर शोधता येत नाही. तू आज इथं होतास. उद्या नसशील. हे सगळं कागदावर उतर. कोणत्या पोर्टाचा मॅक काय, जागा काय, नाव काय, वायर कुठं जाते, ग्रबमधून जुना कर्नल कसा निवडायचा. मराठीत लिही. मी ते रॅकच्या दाराला आतून चिकटवतो.

भाचा : लिहितो. पोर्टाच्या शेजारी कार्डावरही चिठ्ठी लावतो, 'वॅन' आणि 'गाव'.

मामा : आणि अपडेट?

भाचा : दुपारी. रात्री नाही. तुम्ही मॉनिटरसमोर असताना, फोनचं हॉटस्पॉट हाताशी ठेवून.

इथे दोघांचे एकमत झाले असे मी म्हणणार नाही. मामाच्या मते यंत्राने माणसाला सांगितल्याशिवाय काही बदलू नये. भाच्याच्या मते यंत्र बदलणारच, माणसाने आपल्या खुणा स्वतः रोवाव्यात. मला भाच्याचा मार्ग पटतो. ज्याला तक्रारीचा फोन येतो त्यानेच नाव ठेवावे, आणि ते नाव पोर्टाच्या जागेवरून किंवा क्रमावरून न ठेवता पोर्टाच्या कामावरून ठेवावे. एका पोर्टाच्या मशीनबद्दल मात्र मामा बरोबर आहे. तिथे उपाय करणे म्हणजे नसलेल्या रोगावर औषध देणे. आणि कागदाबद्दल मामा इतका बरोबर आहे की त्याचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवीन. लिंक फाईलमध्ये चूक झाली तर ती दुरुस्त करायला तो कागदच लागतो.

प्रणाली बनवणाऱ्यांच्याही हे लक्षात आलेले दिसते. २०२५ मध्ये आलेल्या प्रॉक्समॉक्सच्या नवव्या आवृत्तीत पोर्टांची नावे पक्की करून देणारे एक साधन सोबतच आले आहे. ते लिंक फाईली स्वतः लिहिते आणि पोर्टांना निक०, निक१ अशी छोटी नावे देते. बांधणी मॅकवरून होते, म्हणजे मामाच्या भाषेत दाण्याचे नाव. कार्ड जळाले तर काय, हा मामाचा प्रश्न त्याही साधनाला लागू आहे.

तुमच्या गावात, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, बँकेच्या शाखेत किंवा सेवा केंद्रात एकाहून जास्त पोर्टांचा लिनक्स सर्व्हर असेल, तर पुढचा कर्नल टाकण्याआधी तीन गोष्टी करा. प्रत्येक पोर्टाचे आजचे नाव, मॅक आणि पीसीआयचा पत्ता कागदावर उतरवा. जुना कर्नल ग्रबच्या यादीत आहे का ते पाहा. आणि व्हीलॅन असतील तर नावांची अक्षरे मोजा, पंधराच्या वर जाऊ देऊ नका.